लेकराचा श्वास आणि आईचा शब्द

लहान मुलाच्या शस्त्रक्रियेची तारीख हातात पडली की घरातले लोक पहिला प्रश्न विचारतात : पोरगं भुलीतून शुद्धीवर येईल ना? काळजी खरी असते, पण तिचा रोख थोडा चुकतो. भूल म्हणजे गाढ झोप, आणि झोप फार खोल गेली तर जागच यायची नाही, अशी कल्पना या प्रश्नामागे असते. भूलतज्ज्ञाची काळजी वेगळी असते. त्याचे डोळे आणि कान लागलेले असतात ते मुलाच्या श्वासाकडे. युरोपातील ३३ देशांतल्या २६१ रुग्णालयांनी मिळून मुलांना दिलेल्या ३१,१२७ भुलींची नोंद ठेवली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. शंभरातल्या साधारण पाच भुलींत काही ना काही गंभीर अडचण आली होती. त्यांत श्वासाच्या अडचणींचे प्रमाण ३.१ टक्के होते, हृदय आणि रक्ताभिसरणाच्या अडचणींचे १.९ टक्के. म्हणजे मुलांच्या भुलीत सर्वाधिक वेळा अडते ते श्वासाशी. या प्रकरणात मला एकच गोष्ट मांडायची आहे. हा धोका आभाळातून कोसळत नाही, त्याची चाहूल बहुतेक वेळा आधीच लागलेली असते, आणि ती सर्वांत आधी लागते घरात, मुलाच्या आईला. रुग्णालयाने तिच्याकडून ती नीट काढून घेतली पाहिजे आणि घरच्यांनी ती न लपवता दिली पाहिजे.

हे मांडण्यासाठी वर्धा जिल्ह्यातल्या आंजी (मोठी) या गावाचा विचार करणे मला योग्य वाटते. सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. आंजीच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा परिसर हे या संस्थेचे जुने कार्यक्षेत्र आहे. २००३ ते २००८ या काळात यूएसएआयडी आणि आगा खान फाउंडेशन यांच्या साहाय्याने आंजी, गौळ आणि तळेगाव या केंद्रांच्या गावांत बालकांच्या आरोग्यासाठी लोकसहभागाचा मोठा उपक्रम राबवला गेला. या भागातल्या बायकांना बाळाची धोक्याची लक्षणे ओळखायला शिकवण्याचे काम अनेक वर्षे झालेले आहे. म्हणजे श्वासाकडे पाहण्याची विद्या इथे नवी नाही. दुसरी बाजू अशी की मुलाची शस्त्रक्रिया गावात होत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्याची सुरुवात महाराष्ट्रातच पालघरला झाली. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, फाटलेला ओठ, टाळूचे छिद्र, वाकडे पाऊल, डोळ्यातला मोतीबिंदू, हृदयाचा जन्मदोष असे काही आढळले की चिठ्ठी देते, आणि मूल वर्ध्याला, सेवाग्रामला, सावंगीला किंवा नागपूरला जाते. ज्या डॉक्टरच्या हाती त्याचा श्वास सोपवायचा, त्याची आणि मुलाची ओळख आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी, काही मिनिटांपुरती होते. ही काही मिनिटे कशी वापरली जातात यावर पुष्कळ काही ठरते.

मुलाचा श्वास एवढा नाजूक का, हे आधी समजून घेऊ. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. वजनाच्या मानाने तान्ह्या बाळाला प्राणवायू मोठ्या माणसाच्या दुपटीने लागतो, आणि तो साठवून ठेवायची फुप्फुसातली जागा मात्र भूल चढताच आक्रसते. बाळाच्या फासळ्या आडव्या आणि लवचिक असतात, त्यामुळे छातीचा भाता मोठ्यांसारखा वरखाली होत नाही. सारी भिस्त पोट आणि छाती यांमधल्या पडद्यावर, आणि तो स्नायूही लवकर थकतो. जीभ तोंडाच्या मानाने मोठी, डोक्याचा मागचा भाग मोठा, त्यामुळे निजवले की मान पुढे दुमडते आणि जीभ मागे पडून वाट अडते. श्वासनलिका तर चिंचोळीच. तान्ह्या बाळाच्या चार मिलिमीटर व्यासाच्या नळीला आतून सगळीकडे एक मिलिमीटर सूज आली, तर हवेला उरतो तो मूळच्या वाटेचा फक्त चौथा हिस्सा, आणि संथ वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा सोळा पटींनी वाढतो. मोठ्या माणसाच्या नळीत एवढ्या सुजेने आवाज बसण्यापलीकडे फारसे होत नाही. या सगळ्याचा परिणाम वेळेच्या हिशेबात दिसतो. भुलीपूर्वी भरपूर प्राणवायू दिल्यावर श्वास थांबवला तर रक्तातला प्राणवायू धोक्याच्या पातळीकडे घसरायला किती अवकाश मिळतो, हे १९९४ च्या एका अभ्यासात मोजले गेले. अकरा वर्षांवरच्या मुलांना सहा मिनिटांहून थोडा जास्त वेळ मिळाला. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना मिळाला जेमतेम दीड मिनिट. शिवाय प्राणवायू कमी पडला की लहान मुलाचे हृदय मंद होऊ लागते. म्हणून मुलाच्या बाबतीत हृदयाचे संकट पुष्कळदा श्वासाच्या संकटामागून येते.

श्वास की हृदय, हा वाद जुना आहे आणि तो आपल्या शेजारीच रंगला होता. १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. भुलीखालचा हा पहिला नोंदलेला मृत्यू मानला जातो, आणि तो एका मुलीचा आहे. मराठवाडा ज्या राज्यात होता त्या निजामाच्या हैदराबादेत डॉ. एडवर्ड लॉरी यांनी १८८८ आणि १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म आयोग भरवले, प्राण्यांवर शेकडो प्रयोग केले आणि निष्कर्ष काढला की आधी श्वास थांबतो, मग हृदय, तेव्हा नाडी सोडा आणि श्वास पाहा. क्लोरोफॉर्मपुरता हा निष्कर्ष अर्धवट ठरला. ते औषध हृदयाची लय थेट बिघडवू शकते, हे पुढे १९११ साली ए. जी. लेव्ही यांनी दाखवले. पण श्वासावरून नजर हटवू नका हा लॉरींचा आग्रह मुलांच्या बाबतीत आजही जसाच्या तसा लागू आहे.

आता श्वास नेमका कसा अडतो ते पाहू. सर्वांत भीतीदायक प्रकार म्हणजे स्वरयंत्राची दारे गच्च मिटणे. स्वरतंतू हे श्वासनलिकेच्या तोंडावरचे राखणदार आहेत. पाण्याचा थेंब किंवा अन्नाचा कण चुकीच्या वाटेने निघाला की ते मिटतात आणि आपल्याला ठसका लागतो. ही निसर्गाने दिलेली राखण आहे. भूल अर्धवट चढलेली असताना किंवा उतरताना मात्र ही राखण बिथरते. घशात लाळेचा थेंब, रक्ताचा थेंब किंवा नळीचा स्पर्श झाला की दारे मिटतात आणि उघडायचे नाव घेत नाहीत. छाती ओढ घेते, पण हवा आत जात नाही. भूलतज्ज्ञ जबडा पुढे ओढतो, मुखवटा घट्ट धरून दाबाने प्राणवायू देतो, भूल खोल करतो, गरज पडली तर स्नायू सैल करणारे औषध देतो, आणि बहुतेक वेळा काही क्षणांत वाट मोकळी होते. दुसरा प्रकार खालच्या नळ्या आवळण्याचा, दम्यात होतो तसा. या दोन्हींशी सर्दीचे घट्ट नाते आहे. विषाणू श्वासमार्गाचे आतले अस्तर सोलवटून टाकतात, त्याखालच्या मज्जातंतूंची टोके उघडी पडतात, आणि नळ्या आवळायचा आदेश देणाऱ्या मज्जातंतूला जो नैसर्गिक लगाम असतो तोही सैल पडतो. नाक वाहायचे थांबले तरी ही दुरुस्ती पूर्ण व्हायला काही आठवडे जातात. १९८४ साली स्वीडनमधून प्रसिद्ध झालेल्या १,३६,९२९ रुग्णांच्या अभ्यासात नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांत स्वरयंत्र मिटण्याचा प्रकार हजारी सुमारे १७ वेळा आढळला. ज्या मुलांना श्वासमार्गाचा संसर्ग होता त्यांच्यात तो हजारी ९६ च्या घरात गेला.

इथवर हा डॉक्टरांचा विषय वाटेल, पण माझ्या म्हणण्याचा खरा आधार पुढे आहे. सर्दी आहे हे ठरवायचे कोणी? अमेरिकेतल्या १९९६ च्या एका अभ्यासात असे दिसले की 'आज माझ्या मुलाला सर्दी आहे' एवढे पालकाचे विधान स्वरयंत्र मिटण्याच्या धोक्याशी जोडलेले होते : अशा मुलांत तो धोका दुपटीच्या आसपास होता. ऑस्ट्रेलियात २००१ साली २,०५१ मुलांच्या अभ्यासातून भुलीतल्या अडचणींची पूर्वसूचना देणाऱ्या मोजक्या गोष्टी वेगळ्या काढल्या गेल्या. त्यांत मूल घोरते का, घरात कोणी धूम्रपान करते का, छातीत कफ आहे का, नाक चोंदले आहे का, यांच्या जोडीला एक गोष्ट होती ती म्हणजे पालकांनी सर्दी आहे असे सांगणे. पर्थमध्ये २०१० साली ९,२९७ भुलींच्या अभ्यासात घरच्यांना विचारलेल्या प्रश्नांवरूनच धोका पारखला गेला : रात्री कोरडा खोकला येतो का, धावल्यावर छातीत शिट्टी वाजते का, वर्षभरात तीनहून अधिक वेळा घरघर लागली का, अंगावर इसब आहे का. यांपैकी एकाचे जरी उत्तर 'हो' असले तरी नळ्या आवळण्याचा धोका आठ पटींनी आणि स्वरयंत्र मिटण्याचा चार पटींनी वाढलेला दिसला. यातल्या एकाही प्रश्नाला यंत्र लागत नाही, रक्ताची तपासणी लागत नाही. रात्री मुलाजवळ निजणाऱ्या बाईला ही उत्तरे पाठ असतात. सकाळी पाच मिनिटे छातीला नळी लावणाऱ्या डॉक्टरला ती दिसणार नाहीत.

घरच्या माणसाचा शब्द वैद्यकाच्या कामी येतो याचा सर्वांत मोठा पुरावा विदर्भातच आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत १०४ गावांत बालन्यूमोनियावर काम केले आणि १९९० साली त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये मांडले. ज्या गावांत गावातल्याच माणसांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिले, तिथे त्या आजाराने होणारे बालमृत्यू ५४ टक्क्यांनी कमी होते. त्या भागात न्यूमोनियाला 'डब्बा' म्हणतात, जोरजोरात चालणाऱ्या श्वासाला 'लहक लागणे' म्हणतात. या शब्दांना त्यांनी अडाणी म्हणून बाजूला सारले नाही. सुईणींना श्वास मोजता यावा म्हणून मण्यांचे साधे साधन दिले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आतल्याचे ४० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका, हे मोजमाप आज प्रत्येक आशाताईला शिकवलेले असते. जी बाई न्यूमोनियासाठी श्वास मोजू शकते, ती शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळीही मोजू शकते. या दोन गोष्टींची सांगड आपल्याकडे घातली जात नाही, आणि मला ही उणीव फार मोठी वाटते.

धुराचे थोडे वेगळे सांगायला हवे. घरातल्या विडी-सिगारेटच्या धुरात राहणाऱ्या मुलांना भुलीत श्वासाच्या अडचणी जास्त येतात, हे मुलांच्या लघवीतला निकोटिनचा अवशेष मोजूनही दाखवले गेले आहे. विदर्भात तंबाखू खर्ऱ्याच्या रूपाने जास्त जाते. तिचे दुष्परिणाम खाणाऱ्याला भोगावे लागतात, पण त्यातून धूर निघत नाही. निघतो तो चुलीतून. कापसाचा हंगाम संपला की पऱ्हाटी सरपणाला येते, आणि गॅस असलेल्या घरातही अंघोळीच्या पाण्याला चूल पेटतेच. चुलीचा धूर आणि भूल यांचे नाते तंबाखूच्या धुराइतके बारकाईने मोजलेले नाही, पण श्वासमार्गाचे अस्तर चिडवणारे कण दोन्हींत आहेत. म्हणून भूलतज्ज्ञाने 'घरात कोणी विडी ओढतं का' एवढेच विचारून थांबू नये, 'स्वयंपाक कशावर करता' हेही विचारावे.

यावर पहिला आक्षेप येईल तो यंत्रांचा. आता बोटाला लावायची प्राणवायूमापक चिमटी आहे, श्वासातला कर्बवायू मोजणारे यंत्र आहे, मग आईला कशाला विचारायचे? या यंत्रांनी मुलांचे प्राण वाचवले आहेत यात शंका नाही. १९८८ साली १५२ मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या मुलांत चिमटीचे आकडे भूलतज्ज्ञाला दिसत होते, निम्म्यांत झाकलेले होते. झाकलेल्या गटात प्राणवायू फार खाली जाण्याचे प्रसंग दुपटीहून अधिक झाले. म्हणून चिमटीशिवाय भूल देऊच नये. पण ही चिमटी काय सांगते? प्राणवायू घसरू लागला आहे, एवढेच. तान्ह्या बाळाच्या बाबतीत ही बातमी आली तेव्हा हातातला वेळ सरत आलेला असतो. आईचा शब्द आदल्या दिवशी येतो, आणि आदल्या दिवशी करता येण्यासारखे पुष्कळ असते. धोक्याच्या खुणा असलेल्या मुलांना वास देऊन झोपवण्याऐवजी शिरेतून औषध दिले तर श्वासाच्या अडचणी ४३ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आल्याचे २०१८ साली दिसले. २०१९ सालच्या एका अभ्यासात टॉन्सिल काढायच्या मुलांना आधी साल्ब्युटामॉलची फवारणी दिली तेव्हा हे प्रमाण ४७.९ वरून २७.८ टक्क्यांवर उतरले. श्वासनलिकेत नळी घालायची की घशात वरच्या वर बसणारा मुखवटा वापरायचा, नवख्याने भूल द्यायची की जुन्याजाणत्याने शेजारी उभे राहायचे, हेही आधी कळले तरच ठरवता येते. युरोपच्या त्या मोठ्या नोंदीत भूलतज्ज्ञाच्या अनुभवाबरोबर धोका कमी होत गेला होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो परिस्थितीतून येतो. मुलांना वर्षाकाठी सहा-आठ वेळा सर्दी होते, पावसाळ्यात तर नाक कोरडे असलेले पोर शोधावे लागेल. प्रत्येक सर्दीला तारीख पुढे ढकलायची तर शस्त्रक्रिया होणार कधी? बापाने मजुरी बुडवली, आईने दुसरे लेकरू शेजारणीकडे ठेवले, पहाटेची एसटी धरली, आणि तिथे सांगायचे की परत जा? म्हणूनच लोक सर्दी लपवतात. नाक पुसून आणतात, 'कालपर्यंत ठणठणीत होता' म्हणतात. मी त्यांना दोष देणार नाही. ज्या व्यवस्थेत खरे बोलण्याची शिक्षा म्हणजे बुडालेली मजुरी आणि महिना-दोन महिन्यांनी पडलेली नवी तारीख असते, ती व्यवस्था खोटे बोलायला भाग पाडते. पण पुरावा काय सांगतो? अमेरिकेत २००१ साली १,०७८ मुलांच्या अभ्यासात सर्दीवाल्या मुलांना अडचणी जास्त आल्या, तरी बहुतेकांना त्यांतून कायमची इजा झाली नाही. नाक स्वच्छ वाहते आहे, ताप नाही, मूल खेळते आहे, शस्त्रक्रिया लहान आहे, तर अनुभवी हातांत ती करता येते. ताप, पिवळा-हिरवा शेंबूड, ओला खोकला, छातीत घरघर, मूल मलूल, वय वर्षाच्या आत, शस्त्रक्रिया घशाची किंवा टाळूची, यांतले काही असेल तर थांबावे. आणि थांबायचे ते पूर्वीसारखे सहा आठवडे नव्हे. दोन आठवड्यांनंतर धोका पुरेसा उतरतो, हे पर्थच्या अभ्यासाने दाखवले. म्हणजे सर्दी सांगितली की तारीख गेलीच असे नाही, आणि गेली तरी ती पंधरा दिवसांवर यायला हवी. हे पाळायची जबाबदारी रुग्णालयाची आहे. आदल्या दिवशी एक फोन करून विचारले तर बापाची मजुरीही बुडत नाही.

सांगायच्या गोष्टी सर्दीवर संपत नाहीत. बाळ सातव्या-आठव्या महिन्यात झाले असेल तर ते सांगितलेच पाहिजे. अशा बाळांना हर्नियासारख्या लहान शस्त्रक्रियेनंतरही श्वास मध्येच थांबण्याचा धोका असतो, आणि गर्भधारणेपासून मोजून साठ आठवड्यांचे होईपर्यंत त्यांना रात्रभर देखरेखीत ठेवावे लागते. पोर घोरत असेल, झोपेत श्वास अडकून दचकून उठत असेल तर तेही सांगावे, कारण वेदनाशामक औषधांचा डोस त्यावर ठरतो. आणि काही खाल्ले असेल तर ते. जेवणानंतर सहा तास, आईच्या दुधानंतर चार तास, साध्या पाण्यानंतर दोन तास, हा नियम जुना आणि रुळलेला आहे. भुलीत उलटी होऊन अन्न फुप्फुसात गेले तर होणारी हानी फार वाईट असते. पहाटेच्या प्रवासात रडणाऱ्या लेकराला आजीने बिस्कीट दिले असेल, तर ते सांगितल्याने काही तासांचा खोळंबा होईल, एवढेच. उलट बाजूही लक्षात घ्यावी : भीतीपोटी तान्ह्याला मध्यरात्रीपासून उपाशी ठेवणे हाही अपायच आहे.

तिसरा आक्षेप असा की एवढे सगळे सांगितले तर लोक घाबरतील आणि शस्त्रक्रियाच टाळतील. टाळूला छिद्र असलेले मूल तसेच राहण्यातला तोटा रोजचा आहे, जन्माचा आहे. म्हणून आकडे पूर्ण सांगायला हवेत. मेलबर्नच्या मुलांच्या रुग्णालयात २००३ ते २००८ या काळातल्या १,०१,८८५ भुली तपासल्या गेल्या. भुलीशी संबंध जोडता येईल असे मृत्यू दहा झाले, म्हणजे दहा हजारांत एक, आणि त्या दहाही मुलांना आधीपासून गंभीर आजार होता. हे आकडे परक्या, संपन्न देशांचे आहेत, ते आपल्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे मला मान्य आहे. आपल्याकडे रक्त कमी असलेली, वजन कमी असलेली मुले जास्त, आणि केवळ मुलांना भूल देण्यात मुरलेले डॉक्टर कमी. पण याचा अर्थ पुरावा निरुपयोगी असा होत नाही. श्वासनलिकेची रुंदी मेलबर्नला आणि आंजीला सारखीच असते. जिथे हात कमी आणि यंत्रे कमी, तिथे फुकट मिळणाऱ्या माहितीचे मोल जास्तच असते.

तेव्हा मागणी साधी आहे. तपासणी पथक जी चिठ्ठी देते तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत सात प्रश्न छापावेत : दोन आठवड्यांत सर्दी-खोकला झाला का, छातीत घरघर किंवा शिट्टी वाजते का, रात्री कोरडा खोकला येतो का, घोरते का, दिवस भरण्याआधी जन्मले का, घरात विडी किंवा चुलीचा धूर आहे का, घरात कोणाला दमा आहे का. आशाताईने तारखेच्या आदल्या संध्याकाळी घरी जाऊन ती उत्तरे भरावीत, मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजून आकडा लिहावा आणि रुग्णालयाला कळवावे. आणि तुमच्या घरातल्या मुलाची तारीख ठरली असेल, तर तुम्ही त्या छापील चिठ्ठीची वाट पाहू नका. ही सात उत्तरे आजच एका कागदावर लिहा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरच्या हातात द्या.